आरपार दगड: फुगलेल्या भिंतीच्या कामाच्या नोंदी

७ ऑक्टोबर

काकूंच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट आलंय, एवढ्या निरोपावर काम आलं. भिंत जोत्यापासून २.४ मीटर उंच, जाडी ४५० मिमी. आतून-बाहेरून ओबडधोबड दगडाची एकेक पडदी, मध्ये मातीचा माल आणि कपच्या. आडवी भिंत तिचे दोन भाग करते, एक ४.८ मीटरचा आणि दुसरा ४ मीटरचा. पोट आहे ते मोठ्या भागात.

ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) दोन्ही बाजूंनी सोडला. बाहेरून, जोत्यावर साधारण १.३ मीटर उंचीवर, भिंत ७० मिमी पुढे आलेली. आतून मात्र जेमतेम ५ मिमीचा फरक. भिंत नुसती कलली असती तर बाहेरून जितकी पुढे आली तितकीच आतून मागे सरकली असती. इथे जाडीच वाढली आहे. ४५० ची ५१५ झाली, आणि वाढलेल्या जागेत दगड नाही, पोकळी आहे.

मग हातोडीने ठोकत गेलो. जोत्यालगत टणक आवाज. पोटाच्या भागात मात्र चांगला धडधाकट दिसणारा दगडही भदभद वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूची रेघ ओढत गेलो, तर जवळजवळ अडीच मीटर लांबीचा पट्टा निघाला. ओळंब्यावरून वाटला होता त्याहून बराच मोठा. मिस्त्रीमामांनी एका उघड्या दर्जेत, म्हणजे दगडांमधल्या फटीत, सळई सरकवली. ती अडल्याशिवाय आत गेली, वाकडी होऊन खाली घसरली आणि मुठीपर्यंत बुडाली.

"मॅडम, ही एक भिंत नाहीच. दोन भिंती शेजारीशेजारी उभ्या आहेत," मामा म्हणाले.

छपराच्या कडेला गळतीचे जुने डाग आहेत आणि बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला आहे. वरून पाणी आत शिरत राहिलं आणि गिलाव्यामुळे बाहेर पडू शकलं नाही. आतली माती सैल व्हायला एवढं पुरतं. पण माती सैल झाली म्हणून प्रत्येक भिंत फुटत नाही. दोन पडद्यांना धरून ठेवणारं मध्ये काही आहे की नाही, ते भिंत उलगडल्यावरच कळेल.

ठरलं ते असं: ४.८ मीटरचा भाग जोत्यापर्यंत उतरवून पुन्हा बांधायचा. ४ मीटरचा भाग सरळ आहे, तो उभा ठेवून आतून बांधून घ्यायचा.

९ ऑक्टोबर

छपराला टेकू देऊन वरून उतरवायला सुरुवात केली. पहिले दोन थर निघाल्यावर आतलं चित्र दिसलं. दोन्ही पडद्यांचे दगड चपटं, रुंद तोंड बाहेर करून बसवलेले. काहींचं तोंड ४०० मिमी रुंद, पण आत गेलेली शेपटी १२० मिमीसुद्धा नाही. सगळ्यात खोल शेपटी मोजली ती २५० ची. कोपऱ्याचे दगड सोडले तर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पोचणारा दगड सापडला नाही, एकही नाही.

मधल्या भरणाचं काय झालं तेही दिसलं. वरच्या भागात हात घालता येईल एवढी पोकळी, आणि कंबरेइतक्या उंचीवर कपच्या-माती गच्च दाबलेली. वरचं भरण हळूहळू खाली बसलं आणि खाली जागा करून घ्यायला बाहेरची पडदी ढकलत गेलं. आतली पडदी छपराच्या तुळ्यांनी थोडीफार धरली होती म्हणून ती सरळ राहिली. गोधडीला मधले टाके नसले की आतल्या चिंध्या खाली गोळा होतात, त्यातलाच प्रकार.

एक हिशोब वहीत टिपून ठेवते, कारण 'एवढी जाड भिंत कशी पडेल?' हा प्रश्न काकूंनी आल्या आल्या विचारला होता. वाकण्याला भिंत किती विरोध करते ते तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. ४५० मिमीची अखंड भिंत घेतली आणि तिच्याऐवजी एकमेकींशी न जोडलेल्या २२५ च्या दोन पडद्या घेतल्या, तर दोघी मिळूनही एक चतुर्थांश कडकपणाच देतात. दगड तेवढाच, वजन तेवढंच, पाया तोच. फरक फक्त मधल्या जोडणीचा. ही जोडणी आरपार दगड करतो, म्हणजे भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणारा दगड. आणि कामाच्या तक्त्यात त्याचा वेगळा रकानासुद्धा बहुतेक वेळा नसतो.

११ ऑक्टोबर

उतरवलेला दगड अंगणात तीन ढिगांत लावला: कोपऱ्याचे, पडदीचे आणि लांब. लांबचा ढीग अर्थातच सर्वांत लहान.

काळ्या दगडाची अडचण अशी की त्याला वाळूच्या दगडासारखे थर नसतात. घण घातला की तो त्याच्या मनाने फुटतो. ४५० मिमी लांब आणि तरी हाताळण्याजोगा तुकडा मुद्दाम निवडावा लागतो. साधारण ४५० × २०० × १५० चा दगड धरला तर वजन ३८-४० किलो भरतं, म्हणजे दोघांनी उचलायचा. त्याहून जाड घेतला तर परांचीवर चढवताना कोणाचं तरी बोट जाणार.

लांब दगड निवडताना मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. ते आधी तोंड बघतच नाहीत. दगड आडवा पाडून दोन्ही टोकांखाली कपची देतात आणि मधोमध हातोडीने हलकेच वाजवतात. खणखणीत वाजला तर ठेवायचा. बद्द वाजला तर आत तडा आहे, तो पडदीच्या ढिगात. मग शेपटी बघतात. एका टोकाला निमुळता होत गेलेला दगड लांबीला पुरा असला तरी त्यांच्या कामाचा नाही, कारण निमुळतं टोक पलीकडच्या पडदीला धरत नाही, नुसतं टेकतं.

कामाला येतील असे लांब दगड हवे त्यापेक्षा कमी निघाले. उरलेल्या जागी जोड्या घालायच्या. भारतीय मानक १३८२८ (कमी ताकदीच्या बांधकामासाठी, १९९३ चं) याला परवानगी देतं: पूर्ण लांबीचा दगड नसेल तर भिंतीच्या जाडीच्या पाऊण लांबीचे दोन दगड, एक आतून आणि एक बाहेरून, शेजारीशेजारी. आपल्या भिंतीला पाऊण म्हणजे साधारण ३४० मिमी. दोन्ही मिळून ६८०, त्यातून ४५० वजा केले तर मधोमध २३० मिमी दोघं एकमेकांना घासून बसतात. ही लगट महत्त्वाची. मध्ये मालाची जाड थप्पी आली तर जोडी नावालाच.

पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दगडात तर अशी जोडीच बरी. एकसंध आरपार दगड बाहेरची ओल थेट आत पोचवतो. काळ्या दगडाला तो त्रास नाही, म्हणून इथे एकसंधला पहिला मान.

१२ ऑक्टोबर

किती आणि कुठे, यावर आज बराच वेळ गेला.

१३८२८ म्हणतं: उंचीत दर ६०० मिमीला एक ओळ, ओळीत दोन आरपार दगडांमध्ये जास्तीत जास्त १.२ मीटर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत हिशोब क्षेत्रफळाचा आहे: भिंतीच्या दर अर्ध्या चौरस मीटरला एक. पहिल्या नियमाने एका दगडाच्या वाट्याला ०.७२ चौरस मीटर येतं, दुसऱ्याने ०.५. आपल्या ११.५२ चौरस मीटरच्या भिंतीला पहिल्याने १६ दगड, दुसऱ्याने २४.

मी २४ धरले. भिंत ओबडधोबड दगडाची आहे, माल कमजोर आहे, आणि आठ दगड जास्त घालायला जो त्रास आहे तो आत्ताच आहे, नंतर नाही. ६०० मिमीवर चार ओळी, ओळीत सहा दगड, मधलं अंतर ८०० मिमी. पहिल्या ओळीची सुरुवात कोपऱ्यापासून ३०० मिमीवर, दुसरीची ७०० वर, पुन्हा ३००, पुन्हा ७००. म्हणजे वरच्या ओळीचा दगड खालच्या दोघांच्या बरोबर मध्ये येतो. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतला शेवटचा कोपऱ्यातच जातो, तिथे कोपऱ्याचा लांब दगडच ते काम करेल.

माल चुना-वाळूचा, १:३. जुनी माती चाळून परत वापरायची काकूंची सूचना होती. भरणात कपच्यांभोवतीही चुनाच घालणार, ती माती परसात जाईल.

आणखी एक गोष्ट आजच ठरवली, कारण काम सुरू झाल्यावर ती बोलता येत नाही. मोजमाप. दगडी काम बाहेरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर मोजलं की गवंड्याला रुंद तोंड परवडतं आणि लांब शेपटी परवडत नाही. जुन्या भिंतीत चपटे दगड उभे का लावले, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. म्हणून आरपार दगड वेगळा मोजायचा, नगावर. मामांना हे पटायला क्षणही लागला नाही.

१६ ऑक्टोबर

पहिली ६०० मिमी आली. एका दिवसात याहून जास्त चढवायचं नाही असं ठरलंय, चुन्याला तेवढी उसंत हवी.

पहिल्या ओळीतला तिसरा दगड कसा बसला ते सविस्तर लिहिते. खालचा थर दोन्ही पडद्यांवर एका पातळीत आणला होता, पण मधलं भरण बोटभर उंच राहिलं होतं. दगड ठेवला तर तो मधल्या उंचवट्यावर तोलला गेला आणि एका टोकावर हात ठेवला की दुसरं टोक उचलायचं. वरून वजन आलं की असा दगड मध्येच मोडतो, नाहीतर दोन्ही पडद्यांवर न टेकता नुसता डुगडुगत राहतो. मामांनी तो परत काढला, भरण खरवडून पडद्यांच्या पातळीच्या किंचित खाली नेलं, दोन्ही पडद्यांवर मालाची गादी दिली आणि मध्ये पातळ माल सोडला. दगड खाली टेकवला, मग लाकडी ठोकळा मध्ये धरून वरून ठोकला. बाहेरच्या बाजूला अगदी नकळत उतार दिला, पावसाचं पाणी दगडाच्या अंगावरून आत चालत येऊ नये म्हणून. शेवटी बाजूच्या फटींत कपच्या हाताने ठासल्या. टोकावर उभं राहून पाहिलं, हलला नाही.

पडदीच्या साध्या दगडांबाबतही तोच नियम लावला: लांब बाजू आत, लहान तोंड बाहेर. दिसायला भिंत थोडी बारीक दगडांची वाटते. वाटू दे. कपच्या आणि माल एकदम ओतायचा नाही, प्रत्येक थराबरोबर हाताने बसवायचा. भरण सैल राहिलं तर चोवीस दगडही त्याला खाली बसण्यापासून अडवू शकत नाहीत.

आडव्या भिंतीशी जुन्या-नव्याचा जोड पायऱ्यांच्या आकारात केला. उभा सरळ सांधा ठेवला असता तर पहिला तडा तिथेच दिसला असता.

१९ ऑक्टोबर

आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांवर लाल रंगाचा ठिपका लावायचा असं ठरलं होतं. विनिर्देशांतही रंगाने खूण करायला सांगितलेलं आहे. आज दुसऱ्या ओळीत ठिपके मोजले, दोन्ही बाजूंना पुरे. पण चौथ्या ठिपक्याचं बाहेरचं तोंड आणि आतलं तोंड जुळेना. बाहेर दगड काळाकुट्ट, आत राखाडी, जरा जाळीदार. वरचा थर अजून बसला नव्हता म्हणून बरं. टेपने मोजलं: बाहेरचा १८० मिमी, आतला १६०, मध्ये कपच्या. नव्या पोऱ्याने दोन आखूड दगड समोरासमोर लावून ठिपके दिले होते. त्याला वाटलं, खूण महत्त्वाची.

मामा त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याला दोन्ही दगड हाताने बाहेर ओढायला लावले. दोन्ही सहज निघाले. मग बाजूचा एकसंध दगड ओढ म्हणाले.

तेव्हापासून क्रम बदलला. दगडाची लांबी अंगणातच मोजायची, खडूने त्यावर क्रमांक आणि लांबी लिहायची, बसल्यावर वरून फोटो घ्यायचा आणि मगच ठिपका. जोडी असेल तर दोन ठिपके. वरचा थर एकदा चढला की खात्री करायचा कुठलाच सोपा मार्ग उरत नाही. म्हणून ठिपक्यापेक्षा हा फोटो खरा.

हा चलाखीचा प्रकार जुनाच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने नेमकी हीच तक्रार लिहून ठेवली आहे: आपले लोक घाईत फक्त दोन्ही दर्शनी बाजू रचतात, मध्ये दगडांचे तुकडे आणि माल ओततात, आणि भिंतीचे तीन वेगळे थर होतात. त्याने ग्रीकांचं कौतुक केलंय, कारण ते अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीचे दुतोंडी दगड घालत. त्यांना ते डायाटोनोई म्हणत.

२४ ऑक्टोबर

तिसरी ओळ. सांगण्यासारखं काही नाही. ओळंबा दोन्ही बाजूंनी ठीक.

२८ ऑक्टोबर

चौथी ओळ छपराच्या बैठकीखाली बसली. वरच्या ओळीला जोड्या टाळल्या, सगळे एकसंध घातले. छपराचं वजन आतल्या पडदीवर जास्त येतं. ते दोन्ही पडद्यांत वाटायचं काम ही ओळ करते.

काकूंचे भाऊ काम बघायला आले होते. त्यांनी किल्लारीचं विचारलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं घरांच्या दगडाखाली गेली. तिथल्या भिंती यापेक्षा कितीतरी जाड होत्या आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. जाडीने त्या वाचल्या नाहीत, कारण हादऱ्यात भरण खाली बसलं, दोन पडद्या सुट्या झाल्या आणि माळवद खाली आलं. जाडी वाढवणं हा उपाय नाही. १३८२८ तर उलट ओबडधोबड दगडाच्या भिंतीची जाडी ४५० च्या वर नेऊ नका असंच सांगतं, शक्यतो ३५० च्या आसपास ठेवा म्हणतं. पातळ भिंतीला आरपार दगड मिळतो, जाड भिंतीला मिळत नाही, हे त्यामागचं साधं व्यवहारी कारण. आडव्या भिंतींमधलं अंतर ५ मीटरच्या आत हवं, तेही आपलं आहे.

"मग आमच्या घराला काही होणार नाही ना?" त्यांनी विचारलं. या भिंतीचे दोन पदर सुटे होणार नाहीत, एवढंच सांगितलं. चारी भिंतींना वरून एकत्र बांधणारा पट्टा अजून नाही, आणि ते काम वेगळं आहे.

१ नोव्हेंबर

आता ४ मीटरचा भाग. भिंत उभी, सरळ, ठोकल्यावर आवाज चांगला. इथे उतरवायचं नाही, आतून टाका घालायचा. किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांत ही पद्धत भरपूर वापरली गेली: भिंतीत आरपार भोक करून त्यात काँक्रीटचा दगड ओतायचा.

जागा आखल्या. एक मीटर अंतर, ओळी एकमेकींना अर्ध्या मीटरने सरकवलेल्या. खालच्या ओळीत चार, वरच्या ओळीत तीन.

या कामात ताकद चालत नाही. छिन्नी-हातोडा लावला तर शेजारचे दगडही सैल होतात आणि सुधारायला गेलेली भिंत बिघडते. आधी २३० मिमी चौकोनातला गिलावा काढायचा. मग एका दगडाभोवतीचा माल टोकदार सळईने खरवडायचा, दगड वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवत सुटा करायचा आणि हाताने ओढून घ्यायचा. त्यामागचं भरण तसंच काढत पलीकडच्या पडदीपर्यंत जायचं, आणि तिकडचा दगड तिकडून काढायचा. मधलं भोक साधारण ७५ मिमी, दोन्ही तोंडांशी मोठं. दोन्ही बाजूंना असा फुगीर आकार आला की काँक्रीट सुकल्यावर ते भिंतीतून निसटत नाही.

पहिल्या भोकाला अख्खी सकाळ गेली. मामांचा हात बसल्यावर पुढची भरभर झाली.

३ नोव्हेंबर

काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). भोक आधी पाण्याने ओलं केलं, नाहीतर कोरडी माती काँक्रीटमधलं पाणी पिऊन टाकते. दोन्ही बाजूंनी अर्ध्या खोलीपर्यंत भरलं, मग ८ मिमीची, दोन्ही टोकांना हुक वळवलेली सळई मधोमध ठेवली आणि वर पुन्हा भरून ठासलं. सळई दोन्ही तोंडांपासून २५ मिमी आत. ती बाहेर आली तर गंजेल, फुगेल आणि आपलाच दगड फोडेल.

नव्या भागात चुना आणि इथे सिमेंट, हे मला मनापासून आवडलेलं नाही. पण ही सात ठिकाणं म्हणजे सुटे टाके आहेत, त्यांनी भिंतीचा श्वास अडत नाही. बाहेरचा जुना सिमेंटचा गिलावा मात्र पूर्ण उतरवायला सांगितलाय. भिंत ओली राहिली तर भरण पुन्हा खाली बसायला लागेल.

दोन्ही बाजूंनी पाणी शिंपडायचं, किमान १० दिवस. हे काम काकूंनी स्वतःकडे घेतलं.

१५ नोव्हेंबर

पाणी मारून झालं. सातही ठिकाणी हातोडीने ठोकलं, आवाज एकसारखा टणक. टेकू काढले. दोन्ही भागांवर ओळंबा सोडून मापं वहीत टाकली. पावसाळ्यानंतर याच जागी पुन्हा मोजायची.

काकूंना लाल ठिपके पुसून हवे होते. आतल्या बाजूला तसाही चुन्याचा गिलावा येणार आहे, म्हणून आधी एक नकाशा काढला: दोन्ही बाजूंनी भिंतीचं चित्र, प्रत्येक आरपार दगडाची कोपऱ्यापासून आणि जोत्यापासूनची मापं, लांबी, एकसंध की जोडी, आणि फोटोचा क्रमांक. काँक्रीटचे सात वेगळ्या खुणेने.

तेवढ्यात वायरिंगवाला आला आणि बरोबर १.२ मीटर उंचीवर, दुसऱ्या ओळीतून, भिंतीत आडवा चर मारतो म्हणाला. त्याला नकाशा दाखवला. पाइप भिंतीच्या अंगावरून, उघडाच जाईल असं ठरलं. बटणांचा बोर्ड पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाच्या मधल्या जागेत बसेल. त्याला लागणारा खड्डा मामा स्वतः करून देणार आहेत.